सोनोग्राफीच्या पाटीमागे दडलेला कायदा

लोणावळा, कामशेत, वडगाव... मावळातल्या कुठल्याही सोनोग्राफी केंद्रात जा, समोर ती पाटी असतेच: इथे गर्भलिंगनिदान केलं जात नाही. पाटी स्थानिक भाषेतही हवी, असा नियमच आहे. आत गेल्यावर गरोदर बाई एका फॉर्मवर सही करते, की मला गर्भाचं लिंग जाणून घ्यायचं नाही.

आता या पाटीचा आणि टेस्ट ट्यूब बेबीचा काय संबंध?

६ ऑगस्ट १९८६ला मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि सहकाऱ्यांच्या प्रयत्नांतून टेस्ट ट्यूब बेबी जन्मली. त्याच काळात, त्याच शहरात, स्त्री संघटना गर्भजलपरीक्षेविरुद्ध लढत होत्या, कारण मुलगी आहे असं कळलं की गर्भ पाडला जात होता. १९८८मध्ये महाराष्ट्रानं कायदा केला. देशात पहिला! संसदेला त्यासाठी १९९४ उजाडलं.

पण विज्ञान थांबतंय थोडंच? गर्भ राहण्याआधीच मुलगा निवडायच्या युक्त्या आल्या. मग २०००मध्ये पुण्याची ‘मासूम’, ‘सेहत’ या संस्था आणि डॉ. साबू जॉर्ज सर्वोच्च न्यायालयात गेले. आळंदीहून निघून कुरवंड्याला इंद्रायणीचा उगम गाठावा, तसा कायदा मागे मागे सरकत गेला: पोटातल्या गर्भावरून प्रयोगशाळेतल्या भ्रूणावर आणि तिथून थेट स्त्रीबीज-शुक्राणूंवर. २००३च्या दुरुस्तीत हे सगळं आलं.

आणि प्रत्यक्ष आयव्हीएफ, म्हणजे टेस्ट ट्यूब बेबीच्या, केंद्रांसाठीचा कायदा? तो आला डिसेंबर २०२१मध्ये. केईएमचं ते बाळ तोवर पस्तिशीत पोचलं होतं! स्त्रीबीज देणारीनं आयुष्यात एकदाच द्यावं, आणि सातापेक्षा जास्त बीजं काढू नयेत, इतकं बारीक त्यात लिहिलंय.

सरोगसीचा कायदा त्याच डिसेंबरातला. २०१९मध्ये लोकसभेनं मंजूर केलेल्या विधेयकात सरोगेट आई जवळची नातेवाईकच हवी होती. राज्यसभेनं ते प्रवर समितीकडे धाडलं. समितीनं ती अट काढायला लावली, विधवा-घटस्फोटितांना दार उघडलं, सरोगेट आईचा विमा १६ महिन्यांवरून ३६ महिन्यांवर नेला. एका समितीच्या अहवालानं केवढा फरक! पुढे मार्च २०२३मध्ये नियम आला, की बीज आणि शुक्राणू दोन्ही त्या जोडप्याचेच हवेत. मग जन्मतःच गर्भाशय नाही आणि बीजंही नाहीत, अशा बाईनं काय करायचं? बायका न्यायालयात गेल्या, आणि वर्षाच्या आत, फेब्रुवारी २०२४मध्ये नियम बदलला. जिल्हा वैद्यकीय मंडळानं दाखला दिला, तर दोहोंपैकी एक दात्याकडून घेता येतं.

तरी एक गाठ सुटलेली नाही, आणि ती मला फार टोचते. तळेगावची एखादी अविवाहित स्त्री एकविशी ओलांडल्यावर दात्याचे शुक्राणू घेऊन आयव्हीएफ करू शकते. तिला गर्भाशयच नसेल, तर मात्र सरोगसी तिला बंद. दोन्ही कायदे एकाच संसदेनं, एकाच महिन्यात केलेले.