पापनाशमच्या परसातला हिवाळा

हिवाळ्यात घरच्या परसात भाजी लावावी असे म्हटले, की आपल्या डोळ्यांपुढे मटार, फ्लॉवर आणि गाजरे उभी राहतात. पुणे-नाशिककडे ते यथार्थच आहे. परंतु तेच बियाणे घेऊन एखादे मराठी कुटुंब तंजावर जिल्ह्यातील पापनाशमला राहावयास गेले, तर त्याच्या पदरी बहुधा निराशाच येईल. १६७६ च्या सुमारास एकोजीराजे भोसले तंजावरच्या गादीवर आले, तेव्हापासून मराठी घराणी ह्या मुलखात नांदत आहेत. ज्यांनी येथे घर केले, त्यांना येथील हिवाळ्याची नव्याने ओळख करून घ्यावी लागली.

तंजावर आणि कुंभकोणम यांच्या दरम्यान, कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात वसलेल्या ह्या गावी जानेवारीतील रात्रीही वीस अंशांच्या फारशा खाली उतरत नाहीत. उष्म्याने मटाराचा फुलोरा गळतो, आणि थंड हवेतल्या फ्लॉवरचा गड्डा नीट धरत नाही. येथे परसाचे वेळापत्रक ठरते ते थंडीवरून नव्हे, तर पाण्यावरून.

आपल्याकडे पाऊस आटोपतो, तेव्हा तेथे ईशान्य मान्सूनला आरंभ होतो. ऑक्टोबर ते डिसेंबर हे भर पावसाचे दिवस. शेतांतील भाजी कुजते, बाजारात ती महागते, आणि नेमकी तेव्हाच घरच्या भाजीची खरी गरज भासते. गाळाच्या चिकण मातीत पाणी तुंबले, की मुळांना हवा मिळत नाही आणि रोप वरून हिरवे दिसत असतानाच आतून गुदमरते. म्हणून वाफे वीतभर उंच करावेत, मातीत वाळू व कुजलेले शेणखत मिसळावे आणि पाण्याला वाट काढून द्यावी. माठाचे बारीक बी वाळूत कालवून, पावसाने उघडीप दिल्यावरच फेकावे. तीनचार आठवड्यांत पहिली कापणी मिळते.

ह्या ऋतूची राणी मात्र वालपापडी. तमिळ लोक तिला अवरै म्हणतात. तिचे बी आडी महिन्यात, म्हणजे जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत, लावावयाचे असते. जुन्या जातींचा वेल दिवस लहान होऊ लागल्यावाचून फुलत नाही. पापनाशमला डिसेंबरातला दिवस साडेअकरा तासांच्या आसपास असतो. एवढीशी घटही वेलाला पुरते, आणि पोंगलच्या सुमारास मांडव शेंगांनी लवतो. तोच वेल जानेवारीत लावला, तर नुसता पाला वाढतो. मांडव भिंतीच्या आडोशाला, मजबूत खांबांवर घालावा. नोव्हेंबर २०१८ मधील ‘गजा’ चक्रीवादळाने ह्या जिल्ह्यात नारळाची झाडेसुद्धा उन्मळून पाडली होती. शेंड्यांवर मावा दिसल्यास लाकडाची राख भुरभुरावी, अथवा लिटरभर पाण्यात पन्नास ग्रॅम निंबोळीची भुकटी रात्रभर भिजवून, गाळून फवारावी.

पोंगलनंतर चित्र पालटते. पाऊस थांबलेला असतो. १९३४ साली पुरे झालेल्या मेट्टूर धरणाचे पाणीही रिवाजाप्रमाणे २८ जानेवारीला बंद होते. कालपर्यंत जे पाणी बाहेर काढावयाचे, ते आता जपावयाचे असते. डिसेंबरात वाफ्यात तयार केलेली वांगी-मिरचीची रोपे ह्याच वेळी लावावीत, म्हणजे एप्रिलच्या सुमारास फळ मिळते. भातकापणी झालेली असल्याने पेंढा विपुल असतो. त्याचा चार बोटे थर रोपांभोवती पसरावा, म्हणजे ओल टिकते. तांदूळ-डाळ धुतलेले पाणी रोज संध्याकाळी घातले, तर पाचसहा रोपे सहज जगतात. कोपऱ्यात एक शेवगा असावा. वेलाचा बहर सरत आला, की त्याचा मोहोर येतो, आणि मार्चच्या सुमारास शेंगा उतरू लागतात.

तेव्हा, श्रोतेहो, नव्या गावी परस करावयाचे असेल, तर बियाण्याची पिशवी उघडण्यापूर्वी शेजारच्या आजीबाईंना दोन प्रश्न विचारावेत: येथे पाऊस कधी येतो, आणि कालव्याचे पाणी कधी जाते? उरलेले शेजारच्या मांडवाकडे पाहून समजत जाते.