पुढाऱ्याचा स्वतःसाठीचा कागद



पुढारी म्हटला की त्याच्याजवळ मागण्यांचा कागद असतोच. दुसऱ्याने काय द्यावे हे त्यात लिहिलेले असते. पण आपण स्वतः काय करणार व काय करणार नाही, हे लिहून ठेवणारे पुढारी किती? आजचा विषय हा दुसरा कागद आहे.

आपल्याकडे या दोन्ही प्रकारांचे चांगले नमुने आहेत. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने 1884 साली मुंबईच्या गिरणी कामगारांनी जे निवेदन केले, त्यात रविवारची सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती, पगार वेळेवर, अशा नेमक्या मागण्या होत्या. हा पहिला प्रकार. दुसऱ्याचा नमुना म्हणजे 12 जून 1905 रोजी पुण्यात भारत सेवक समाज स्थापन करताना गोपाळ कृष्ण गोखले यांनी सहकाऱ्यांसह घेतलेली सात कलमांची शपथ. देशाला मनात पहिले स्थान देईन, ही भावना तिच्यात आहेच. पण स्वतःसाठी पैसा मिळविण्यात शक्ती खर्चणार नाही, कोणाशी वैयक्तिक भांडण करणार नाही, अशी कलमेही आहेत. भावना कोणालाही पडताळून पाहता येत नाही; पैसा आणि भांडण मात्र शेजाऱ्यालाही दिसते.

हा फरक मला उशिरा कळला. पंचवीसेक वर्षांपूर्वी मी वहीच्या पहिल्या पानावर लिहिले होते, ‘कामगारांच्या कल्याणासाठी आयुष्य वेचीन.’ वाक्य चांगले होते, पण त्याने मला कधी अडवले नाही. एका कारखान्यात संप झाला. वाटाघाटींच्या शेवटच्या रात्री मालकांकडून प्रस्ताव आला : कायम कामगारांना भरघोस वाढ, कंत्राटी कामगारांचा विषय पुढच्या करारात. मी सही केली. दुसऱ्या दिवशी द्वारसभेत गुलाल उधळला गेला. सभा पांगल्यावर एक कंत्राटी कामगार जवळ येऊन म्हणाला, “भाऊ, संपात आम्हीही उपाशी बसलो होतो. तुमच्या ‘कामगारां’त आम्हाला धरले होते का?” पुढचा करार येण्याआधीच कंत्राटदार बदलला आणि त्याच्यासारखे बरेचजण कामावरून गेले.

त्यानंतर मी कागद नव्याने लिहिला. लिहिताना चार प्रश्न उपयोगी पडले, ते कोणत्याही क्षेत्रातल्या पुढाऱ्याला लागू पडतील.

पहिला, मी कोणासाठी? ‘जनता’ किंवा ‘कामगार’ एवढ्यावर थांबू नये. जो सहज वगळला जाईल त्याचे नाव आधी लिहावे. दुसरा, कोणते काम आणि किती मुदतीत? तिसरा, मी काय करणार नाही? येथे मोह ज्या रूपात येतो त्याच रूपात लिहावा. मी लिहिले, ‘वाटाघाटीला एकटा बसणार नाही. ज्यांना कराराचा लाभ मिळणार नाही, त्यांना विचारल्याशिवाय सही करणार नाही.’ चौथा, मला जाब कोण विचारील? कागद पेटीत ठेवला तर तो नसल्यासारखाच. मी तो दरवर्षी सभासदांपुढे वाचतो.

याची किंमत पडते. त्या एका ओळीपायी पुढे एक करार चार महिने रखडला, आणि आपल्याच सभासदांच्या शिव्या मी खाल्ल्या. पण त्या करारात कंत्राटी कामगारांचे कलम होते.

आपल्यापैकी कोणी गृहनिर्माण संस्थेचे अध्यक्ष असतील, कोणी शाळा चालवीत असतील, कोणी पतपेढीचे संचालक असतील. आज घरी गेल्यावर अर्धे पान लिहा. मग ज्याच्यावर आपला निर्णय सर्वांत जड पडतो, अशा एका माणसाला ते वाचून दाखवा, आणि तो काय विचारतो ते ऐका. खरे लिखाण त्यानंतर सुरू होईल.