मधल्या घरातील मुलांचा विमा



अगदी गरीब माणसाला सरकार थोडाफार हात देते. पैसेवाल्याला त्याचा पैसा तारतो. पण ज्याच्याकडे चार एकर जमीन आहे, खाऊनपिऊन घर चालते, आणि मूल आठ दिवस दवाखान्यात पडले की बैल विकायची पाळी येते, त्या मधल्या घराने काय करावे? हा प्रश्न केवळ आपल्याकडचा नाही. अमेरिकेसारख्या धनाढ्य देशातही याच प्रश्नावर मोठे राजकारण झाले. मुलांच्या सरकारी आरोग्य विम्याची ती हकिगत शेतकरी कुटुंबांनी समजून घेण्यासारखी आहे.

योजना कशी निघाली?

अमेरिकेत बहुसंख्य नोकरदारांचा आरोग्य विमा त्यांच्या मालकाकडून मिळतो. १९६५ साली अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी वृद्धांसाठी मेडिकेअर आणि गरिबांसाठी मेडिकेड या सरकारी योजनांच्या कायद्यावर सही केली. परंतु लहान दुकानदार, सुतार, स्वतःची शेती कसणारा, यांच्यामागे मालक नसतो. मेडिकेडच्या मानाने त्यांचे उत्पन्न जास्त आणि खाजगी विम्याच्या हप्त्याच्या मानाने कमी. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी त्यांची गत. १९९७ च्या सुमारास तेथे जवळजवळ एक कोटी मुले विम्याविना होती.

सर्व नागरिकांना विमा देण्याचा अध्यक्ष क्लिंटन यांचा बेत १९९४ मध्ये फसला होता. तेव्हा निदान मुलांपुरते तरी काही करावे, असा विचार पुढे आला. डेमोक्रॅटिक पक्षाचे सिनेटर एडवर्ड केनेडी आणि रिपब्लिकन पक्षाचे सिनेटर ऑरिन हॅच यांची मते एरव्ही क्वचितच जुळत. या कामासाठी मात्र दोघे एकत्र आले. ऑगस्ट १९९७ मध्ये कायदा झाला. त्या योजनेला थोडक्यात ‘चिप’ म्हणतात. एकोणीस वर्षांखालील मुलांची तपासणी, लसी, औषधे आणि इस्पितळाचा खर्च तिच्यातून मिळू लागला. मोठा वाटा केंद्राचा, उरलेला राज्याचा. काही राज्यांत कुटुंबानेही थोडा हप्ता भरावयाचा असतो.

मेडिकेड आणि चिप यांत एक महत्त्वाचा फरक आहे. मेडिकेडमध्ये जो पात्र ठरेल त्याला मदत मिळालीच पाहिजे. चिपसाठी मात्र केंद्राकडून येणारी रक्कम आधीच ठरलेली असते आणि मुदत संपली की संसदेने ती पुन्हा मंजूर करावी लागते. पाटाला पाणी आहे, पण दार दुसऱ्याच्या हातात, असा हा प्रकार. पुढचे भांडण येथूनच उगवले.

२००७ सालचा वाद

पहिली मुदत सप्टेंबर २००७ अखेर संपत होती. त्या वेळी सुमारे साठ लाख मुले योजनेत होती. संसदेने पाच वर्षांत ३५ अब्ज डॉलर वाढवून ही संख्या एक कोटीपर्यंत नेण्याचे विधेयक मंजूर केले. अध्यक्ष जॉर्ज बुश यांनी ३ ऑक्टोबर २००७ रोजी नकाराधिकार वापरून ते परत धाडले. पाच वर्षांत पाच अब्जांची वाढ पुरे, असे त्यांचे म्हणणे होते.

बुश यांना मुलांची कणव नव्हती, असे म्हणणे सोपे आहे, पण न्यायाचे नाही. त्यांचे मुद्दे ऐकून घेण्यासारखे होते. पहिला, योजना गरिबांच्या मुलांसाठी आहे, तर आधी त्यांना शोधून आत आणा, मग वरच्यांचे बघा. चार माणसांच्या कुटुंबाची दारिद्र्यरेषा त्या वर्षी २०,६५० डॉलर होती. न्यूयॉर्क राज्याला तर तिच्या चौपट उत्पन्नापर्यंत मदत द्यावयाची होती. दुसरा मुद्दा असा की, सरकारी विमा स्वस्त मिळाला की लोक असलेला खाजगी विमा सोडतात. संसदेच्याच अर्थविषयक कार्यालयाने २००७ मध्ये अंदाज दिला होता की चिपमध्ये शंभर मुले आली की खाजगी विम्यातून २५ ते ५० मुले कमी होतात. तिसरा मुद्दा, असे करीत करीत सगळी वैद्यकीय व्यवस्था सरकारच्या हाती जाईल.

दुसऱ्या बाजूचे उत्तरही वजनदार होते. खाजगी विमा सोडणारी काही मुले असली, तरी निम्मी किंवा त्याहून अधिक मुले अशी आहेत की ज्यांच्याजवळ काहीच नव्हते. त्यांना बाहेर ठेवावे काय? शिवाय खर्च वाढतच असल्याने पाच अब्जांत आहेत ती मुलेही टिकणार नाहीत, असे त्यांनी बजावले. या बाजूला केवळ विरोधकच नव्हते. आयोवा राज्याचे सिनेटर चार्ल्स ग्रासली हे स्वतः शेतकरी आणि बुश यांच्याच रिपब्लिकन पक्षाचे, पण विधेयक तयार करण्यात ते पुढे होते. अमेरिकेतील कॅथलिक रुग्णालयांची संघटनाही योजना वाढवावी याच मताची होती.

अध्यक्षांचा नकार मोडण्यासाठी दोन तृतीयांश मते लागतात. १८ ऑक्टोबर २००७ रोजी प्रतिनिधिगृहात बाजूने २७३ आणि विरुद्ध १५६ मते पडली. तेरा मते कमी पडली. डिसेंबरात दुसरे विधेयकही परत आले. शेवटी जुनीच योजना मार्च २००९ पर्यंत पुढे ढकलण्यात आली.

एका दाताची किंमत

आकड्यांच्या या भांडणात मूल कोठे असते? त्याच वर्षी फेब्रुवारीत मेरीलँड राज्यात एक बारा वर्षांचा मुलगा दगावला. कारण एक किडलेला दात. दाताच्या मुळाशी पू झाला आणि विष मेंदूपर्यंत गेले. दात वेळीच काढला असता तर सुमारे ८० डॉलरात काम भागले असते. इस्पितळात अडीच लाख डॉलरच्या घरात खर्च झाला, आणि तरी मूल हाती लागले नाही. त्या कुटुंबाचे मेडिकेड मध्येच तुटले होते. त्यापूर्वी त्याच्या भावाच्या दातांसाठी मेडिकेडचे रुग्ण घेणारा दंतवैद्य शोधता शोधता आई थकली होती.

म्हणजे नुसते कार्ड पुरत नाही. ते घेणारा डॉक्टर जवळपास हवा, आणि कार्ड मध्येच बंद पडता कामा नये.

तंबाखूवरचा कर

पैसा कोठून आणावयाचा, यावरही वाद झाला. विधेयकात सिगारेटच्या पाकिटावरील केंद्रीय कर ३९ सेंटवरून एक डॉलर करावयाचा होता. निपाणीकडील आपल्या वाचकांच्या मनात लगेच येईल की, मग तंबाखू पिकवणाऱ्याने काय करावे? नॉर्थ कॅरोलिना व केंटकीसारख्या तंबाखू पिकवणाऱ्या राज्यांतही हाच प्रश्न होता. शिवाय सिगारेट ओढणारे अधिकतर गरीबच, तेव्हा गरिबांकडून घेऊन मुलांना देणे कितपत योग्य, असेही विचारले गेले. लोकांनी व्यसन सोडले की कराचे उत्पन्नही घटणार, ही आणखी एक अडचण. समर्थकांनी सांगितले की कर वाढला की पोरे सिगारेटपासून दूर राहतात, म्हणजे मुलांचा दोहोंकडून फायदा.

पुढे काय झाले?

अध्यक्ष ओबामा यांनी ४ फेब्रुवारी २००९ रोजी नव्या कायद्यावर सही केली. सिगारेटवरील कर एक डॉलर एक सेंट झाला. दातांचे उपचार योजनेत सक्तीचे झाले. कायदेशीरपणे आलेल्या परदेशी कुटुंबांच्या मुलांना पाच वर्षे थांबावे लागे, ती अट काढण्याची मुभा राज्यांना मिळाली. याच कलमावरून ग्रासली यांनी मात्र या वेळी विरोध केला.

तरी पाटाचे दार दुसऱ्याच्या हातीच राहिले. सप्टेंबर २००७ चीच गोष्ट २०१७ मध्ये पुन्हा घडली. मुदत संपली आणि संसदेला वेळेवर मंजुरी देता आली नाही. तेव्हा सुमारे नव्वद लाख मुले योजनेवर अवलंबून होती. कोलोरॅडो राज्याने पालकांना पत्रे पाठवली की विमा बंद पडू शकतो. उपचार चालू असलेल्या मुलाच्या आईने ते पत्र कसे वाचले असेल, याचा विचार करा. २२ जानेवारी २०१८ रोजी मंजुरी मिळाली. आता निधीची तरतूद २०२९ पर्यंत आहे. १ जानेवारी २०२४ पासून मेडिकेड व चिपमध्ये आलेल्या मुलाचे नाव घरचे उत्पन्न थोडे वाढले तरी बारा महिने काढता येत नाही. शेतकऱ्याच्या घरी हे विशेष मोलाचे आहे. पीक विकले त्या महिन्यात हाती पैसा दिसतो, पुढचे दहा महिने नसतो.

एवढ्या भांडणानंतर फळ काय? विमा नसलेल्या अमेरिकन मुलांचे प्रमाण १९९७ मध्ये शेकडा १४ च्या आसपास होते. ते २०१६ मध्ये शेकडा पाचाच्या खाली आले. गरिबांची मुले आधी, हा बुश यांचा आग्रह चुकीचा नव्हता. पण मधल्या घरातील मूल पुढच्या अंदाजपत्रकापर्यंत दुखणे थोपवून धरू शकत नाही. योजनेत फेरफार करावयाचे तर मुलाचा उपचार चालू ठेवून करावेत.

कोणत्याही पक्षाने आरोग्य योजना मांडली की आपणही चार प्रश्न विचारावेत. रेषा कोठे आखली आहे? रेषेच्या किंचित वर असणाऱ्याचे काय? दुखणे लहान असतानाच उपचार मिळतो, की इस्पितळात पडल्यावरच? आणि मुदत कधी संपते? आपल्या घरची कार्डे काढून त्यांवरील मुलांची नावे व तारखा या आठवड्यातच पाहून घ्या. आणि मूल दात दुखतो म्हणाले, तर लवंगेचा बोळा ठेवून दिवस ढकलू नका. गाल सुजला किंवा ताप आला, तर शेतातले काम टाकून त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या.