‘दमणे’, ‘थकणे’ आणि ‘शिणणे’ : पाळणाघरातून परतलेल्या श्वानाच्या संदर्भात

‘पाळणाघर’ हा शब्द मराठीत लहान मुलांच्या संदर्भात रूढ झाला. घरातील माणसे दिवसभर कामावर असताना, किंवा गावाला गेली असताना, पाळीव श्वानांना सांभाळणाऱ्या जागांनाही आता हाच शब्द लावला जातो. छत्रपती संभाजीनगरसारख्या शहरातही तो अपरिचित राहिलेला नाही. शब्दाबरोबर मुलांविषयी बोलण्याची पद्धतही श्वानाकडे आली. संध्याकाळी परतलेला श्वान जेवणाकडे न पाहता कोपऱ्यात अंग टाकतो आणि घरातील मंडळी म्हणतात, ‘खेळून दमलाय, झोपू द्या.’ या छोट्या वाक्यात अवस्थेचे वर्णन, तिचे कारण आणि तिच्यावरील उपाय ही तिन्ही गृहीत धरलेली असतात. मूल ‘मी खेळलोच नाही’ असे सांगून हे गृहीत खोडू शकते. श्वानाला ते शक्य नाही. म्हणून येथे शब्दाची निवड केवळ शैलीची बाब उरत नाही.

मराठीत या अवस्थेसाठी एकच शब्द नाही. ‘दमणे’ याची व्युत्पत्ती संस्कृत ‘दम्’ धातूकडे न्यावी की फारसी ‘दम’कडे, हा प्रश्न बाजूला ठेवला तरी आजच्या वापरात त्याचे नाते श्वासाशी आहे, हे ‘दम लागणे’, ‘दम खाणे’, ‘दमा’ या प्रयोगांवरून स्पष्ट होते. १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात असलेल्या या शहरात मराठी व दखनी शेजारी शेजारी नांदल्या, आणि श्वासवाचक ‘दम’ दोहोंच्याही परिचयाचा आहे. दमलेला प्राणी थोडा वेळ दम खातो आणि पूर्ववत होतो. हा शीण नव्हे, श्रमाचा तात्कालिक परिणाम होय.

‘थकणे’ याची जात वेगळी. भाडे थकते, हप्ते थकतात. ‘थकबाकी’ हा शब्द त्यातूनच आला. साचत जाणे हा या धातूचा एक महत्त्वाचा अर्थघटक आहे. ‘शिणणे’ यात शरीराइतकाच मनाचाही वाटा असतो: प्रवासाचा शीण, जागरणाचा शीण, चिंतेचा शीण. ‘मलूल होणे’ व ‘मरगळ येणे’ हे प्रयोग श्रमाकडे निर्देशच करीत नाहीत. ते आजाराच्या सीमेवर उभे आहेत.

आता श्वानाच्या देहधर्माकडे पाहता हा शब्दभेद किती उपयोगी आहे ते दिसते. प्रौढ श्वान दिवसरात्र मिळून साधारण बारा ते चौदा तास झोपतो, पण तुकड्यातुकड्यांनी. सहज मोडणाऱ्या झोपेला आपल्या परंपरेने ‘श्वाननिद्रा’ म्हटले ते अचूकच होय. घरी दुपारी मिळणाऱ्या या डुलक्या अनोळखी श्वानांच्या भुंकण्यात, सततच्या हालचालीत मिळत नाहीत. मुक्काम अनेक दिवसांचा असेल तर ही उणीव साचते. परतल्यावरची दीर्घ झोप ही पुष्कळदा अशी थकबाकीची वसुली असते. परक्या जागी पहिल्यांदा झोपताना श्वानाची झोपही माणसाप्रमाणेच बिघडते, असे बुडापेस्ट येथील संशोधकांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोजण्यांवरून दिसते.

त्याच शहरातील २०१७ चा एक प्रयोग अधिक बोलका आहे. श्वानांना झोपेपूर्वी एका वेळी सुखद सहवास मिळाला, तर दुसऱ्या वेळी दुरावा व धाक यांचा अनुभव देण्यात आला. अप्रिय अनुभवानंतर श्वान अधिक लवकर झोपी गेले. अर्थात लगेच लागलेली झोप ही आनंदाची पावती मानता येत नाही. जो ‘दमला’ असे वाटते तो ‘शिणलेला’ असू शकतो.

उन्हाळ्यात या भेदाला आणखी धार येते. मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीस अंशांपलीकडे जातो. श्वानाला घाम येतो तो मुख्यतः पंजांच्या तळव्यांना. शरीर थंड ठेवण्याचा त्याचा खरा मार्ग म्हणजे जीभ बाहेर काढून धापा टाकणे. सावलीत विसावल्यावर धाप ओसरली तर तो दमला होता. ती ओसरत नसेल, लाळ घट्ट होत असेल, चाल डळमळत असेल, तर तो उष्माघात असू शकतो. पग यांसारख्या आखूड तोंडाच्या जातींत हा धोका विशेष. अशा वेळी ‘झोपू द्या’ हा सल्ला घातक ठरतो. अंगावर पाणी घालून तातडीने पशुवैद्य गाठणे हेच इष्ट. तसेच, अनेक श्वान एकत्र राहिले की ‘केनेल कफ’ नावाचा संसर्गजन्य खोकला पसरतो. तो बहुधा काही दिवसांनी प्रकट होतो. त्यामुळे आधीची मरगळ खेळण्याच्या नावावर जमा होते.

तेव्हा पाहणाऱ्याने क्रियापद निवडण्यापूर्वी तीन गोष्टी तपासाव्यात: अवस्था किती वेळ टिकली, जेवणपाण्याकडे श्वान वळला की नाही, आणि हाक मारल्यावर त्याने ओळखीचा प्रतिसाद दिला की नाही. मिनिटांत उतरतो तो दम. एकदोन दिवसांच्या झोपेने फिटतो तो थकवा. पुरेशी झोप होऊनही जो बुजलेला, चिकटून राहणारा दिसतो तो शीण. आणि अन्नपाणी सुटले तर ती मरगळ, जिचे उत्तर वैद्याकडे आहे. बोलीतील ही विभागणी काटेकोर शास्त्रीय वर्गीकरण नव्हे, आणि नित्य व्यवहारात हे शब्द एकमेकांच्या जागी येतातही. परंतु ज्याला स्वतःची अवस्था सांगता येत नाही, त्याच्याविषयी बोलताना भाषेने आधीच करून ठेवलेला हा विवेक वापरात आणणे, ही बोलणाऱ्याची जबाबदारी ठरते.