डीएसवर 'श्यामची आई' वाचायचीय? मग कार्ड जपून घ्या!

घरातला जुन्या वायरींचा ड्रॉवर एकदा उपसून बघा. मुंबईच्या मामाने किंवा दुबईच्या काकांनी कधीकाळी आणलेला निन्टेंडो डीएस त्यात सापडला, तर भंगारात देऊ नका. दोन स्क्रीनचा, वहीसारखा उघडणारा हा डबा २००४ साली बाजारात आला, २००६ मध्ये त्याचं सडपातळ रूप डीएस लाइट आलं. मग हातात मोबाइल आले आणि डबा ड्रॉवरमध्ये गेला. पण पुस्तक वाचायला तो अजूनही भारी आहे.

हसू नका. खुद्द निन्टेंडोने २००८ साली युरोपात शंभर इंग्रजी अभिजात पुस्तकांचं एक कार्ट्रिज विकलं होतं. डबा उभा फिरवून पुस्तकासारखा धरायचा, डावीकडे एक पान, उजवीकडे दुसरं. ना व्हॉट्सअॅपची टिंगटिंग, ना रील्स. शिवाय ब्राइटनेस अगदी कमी ठेवला तर डीएस लाइटची बॅटरी १५ ते १९ तास चालते, असं कंपनीच सांगायची. आता इतक्या वर्षांनी बॅटरी म्हातारी झालेली असणार, निम्मं धरून चाला. तरीही ३ जून २०२० च्या 'निसर्ग' वादळानंतर दापोली-मंडणगडकडच्या गावांनी जे अंधारातले दिवस काढले, ते आठवा. आपल्याकडे पावसाळ्यात लाइट जाणं ही काही बातमी नसते!

आता मुद्द्याचं. डीएसमध्ये आपली फाइल टाकायची सोय कंपनीने दिलेली नाही. त्यासाठी फ्लॅश कार्ड लागतं. दिसायला गेमच्या कार्ट्रिजसारखं, पण आत मायक्रोएसडी बसते. डीएस लाइटला दोन खाचा असतात. खालची मोठी खाच जुन्या गेमबॉय अॅडव्हान्सच्या कार्ट्रिजची. तिच्यात बसणारी कार्डं सुरुवातीच्या काळात चालायची, पण त्यांच्यावरून डीएसचे प्रोग्रॅम सुरू करायला वरच्या खाचेत आणखी एक तुकडा लागतो. कशाला तो व्याप? वरच्या छोट्या खाचेत बसणारंच कार्ड घ्या.

त्यात सगळ्यांच्या तोंडी असलेलं नाव म्हणजे आर-फोर. मूळ आर-फोर २ जीबीपर्यंतचीच मायक्रोएसडी ओळखतं, त्यापुढची एसडीएचसी त्याला कळतच नाही. आज २ जीबीचं कार्ड शोधणं म्हणजे चतुर्थीच्या आदल्या दिवशी कोकण रेल्वेत कन्फर्म तिकीट शोधणं. मूळ आर-फोर डीएसआयवरही चालत नाही. एसडीएचसी घेणारं आणि डीएसआयवरही चालणारं म्हणून अेसकार्ड टू-आय नावाजलेलं होतं. ते सेकंडहँड मिळालं तर उत्तमच. आर-फोरच्या नावाने आज विकली जातात ती बहुतेक नक्कल कार्डं, आणि त्यातल्या काहींच्या सॉफ्टवेअरमध्ये ठरावीक तारखेनंतर बंद पडायची सोय मुद्दाम केलेली असते. तेव्हा विकणाऱ्याला आजची तारीख लावून कार्ड चालू करून दाखवायला सांगा. टाळाटाळ करत असेल तर निघा तिथून.

ही कार्डं बदनाम आहेत, तेही माहीत असू द्या. बहुतेकांनी ती चोरीचे गेम खेळायलाच घेतली. त्यामुळे जपानमध्ये २००९ साली आणि ब्रिटनमध्ये २०१० साली न्यायालयांनी विक्रेत्यांच्या विरोधात निकाल दिले. आपल्याला गेम नकोतच. आणि पुस्तकांसाठी चोरी करायची गरज नाही, कारण भारतात लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षांनी हक्क संपतात. साने गुरुजी आपल्याच जिल्ह्यातल्या पालगडचे. ते १९५० मध्ये गेले, म्हणजे २०११ पासून 'श्यामची आई' सगळ्यांची झाली. मराठी विकिस्रोतावर ती आहे. मालगुंडचे केशवसुत तर १९०५ मध्येच गेले.

खरी गंमत पुढे आहे. डीएसवर मजकूर वाचायचे मूनशेल, डीएसलिब्रिस असे मोफत प्रोग्रॅम आहेत. इंग्रजी फाइल झकास उघडते. मराठी उघडलीत की डोक्याला हात! देवनागरीचा फाँट टाकला तरी अडचण संपत नाही, कारण हे प्रोग्रॅम अक्षरं नुसती एकापुढे एक ठेवतात. 'कि' लिहिताना संगणकात आधी 'क' साठवला जातो, मग वेलांटी. ती उचलून 'क'च्या आधी काढणं, जोडाक्षर जुळवणं, 'वाऱ्यावर'मधला अर्धा र नीट वळवणं, यासाठी वेगळी यंत्रणा लागते. मोबाइलमध्ये ती असते, या डब्यात नाही. एवढ्याशा कारणाने आपली भाषा एखाद्या यंत्राच्या बाहेर राहते, आणि त्याची तक्रार कुणी करतही नाही, हे मला जास्त खटकतं.

उपाय जुगाडू आहे, पण चालतो. पानांचे फोटोच करायचे. संगणकावर मुक्त किंवा नोटो सान्ससारख्या युनिकोड फाँटमध्ये मजकूर लावा आणि २५६ बाय १९२ पिक्सेलच्या जेपीजी प्रतिमा काढा. डीएसच्या एका स्क्रीनचं माप नेमकं तेवढंच आहे. अक्षर वीसेक पिक्सेलचं ठेवलंत तर साधारण आठ ओळी बसतात. छापील पुस्तकाच्या एका पानाचे दहाएक फोटो होतील, दोनशे पानांच्या पुस्तकाचे दोनेक हजार. घाबरू नका, एक फोटो २० केबीचा धरला तरी अख्खं पुस्तक ४० एमबीत मावतं. म्हणजे २ जीबीचं जुनं आर-फोर असलं तरी बरीच पुस्तकं आरामात. मोठ्या कार्डाच्या मागे धावायचं कारणच उरत नाही.

फक्त दोन गोष्टी सांभाळा. फाइलींना ०००१, ०००२ असे आकडे इंग्रजीत द्या, नाहीतर दहावं पान दुसऱ्याच्या आधी येतं. आणि प्रत्येक पुस्तकाचं वेगळं फोल्डर करा. २ जीबीच्या कार्डाच्या सगळ्यात बाहेरच्या पातळीवर ५१२ च्या वर नोंदी मावत नाहीत, तिथेच सगळं ओतलंत तर पुस्तक मध्येच तुटेल.

चार्जर मात्र आधी शोधा. डीएस लाइटची पिन मोबाइलच्या कुठल्याच वायरला बसत नाही.