लॅपटॉपला किती पळवावे?

लालबाग-परळच्या गिरण्या चालू होत्या, तेव्हा साचेखात्यातला कोणीही सांगे : चात्यांचा वेग वाढविला की सूत जास्त निघते खरे, पण धागाही जास्त तुटतो. आज त्याच भागातील घराघरांतून चिरंजीव लॅपटॉपच्या प्रोसेसरचा वेग वाढवू पाहतात. याला म्हणतात ओव्हरक्लॉकिंग.

प्रोसेसरचे ठोके सेकंदाला अब्जावधी. ते वाढविले की व्होल्टेजही चढवावे लागते, आणि घोटाळा होतो तो इथेच. वेग १० टक्के आणि व्होल्टेज १० टक्के वाढविले, तर उष्णता वाढते सुमारे ३३ टक्के! मोठ्या संगणकाला भले थोरले पंखे बसविता येतात. या चपट्या पेटीतून ती उष्णता जाणार कुठे? त्यातून मे महिन्यातील आपली मुंबई! शंभर अंशांच्या आसपास पोहोचताच प्रोसेसर जीव वाचविण्यासाठी आपण होऊन वेग उतरवितो. म्हणजे कमावले ते तिथेच गेले. शेजारची बॅटरी मात्र तापून लवकर म्हातारी होते. वॉरंटीची धास्ती वेगळीच.

बहुतेक लॅपटॉपांचे प्रोसेसर तर कुलूपबंदच येतात. तेव्हा मुलाचा हट्ट फारच असेल, तर लॅमिंग्टन रोडवर नेऊन पंख्यातली धूळ काढून घ्यावी, प्रोसेसरवरचा वाळलेला लेप बदलावा, जमल्यास रॅम वाढवावी. काही लॅपटॉपांत तीही बोर्डालाच जोडलेली असते. ते मात्र विकत घेण्याआधीच विचारावे.