समुद्रतळाचे उष्ण झरे का बदलत राहतात?

डिसेंबर २०२४ मध्ये गोव्यातील राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र व चेन्नईच्या राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्थेने हिंदी महासागरात सुमारे ४,५०० मीटर खोलीवरचा जिवंत उष्ण झरा छायाचित्रात टिपला. भेगांतून झिरपलेले समुद्राचे पाणी शिलारसाच्या धगीने तापते. प्रचंड दाबामुळे ३५० अंश सेल्सिअसलाही न उकळता खनिजे घेऊन वर उसळते. थंड पाण्यात ती खनिजे साकळून धुराडी उभी राहतात. पुढे त्याच खनिजांनी पाण्याच्या वाटा बुजतात, प्रवाह मंदावतो. भूकंपाने नव्या भेगा पडल्या किंवा ताजा शिलारस वर सरकला, की झरा पुन्हा जोर धरू शकतो. भरती-ओहोटीनेही तापमान किंचित हलते. म्हणूनच अशा झऱ्यांची वर्षानुवर्षे मोजणी करायला हवी.